ताडोबा एका दिवसात: निघण्यापूर्वी

बुकिंग आधी गेटचं, मग हॉटेलचं. उलटं केलं की मुक्काम मोहर्लीला आणि सफारी कोलाऱ्याला, अशी फजिती होते. चंद्रपूरहून मोहर्ली सोयीचं. नागपूरकरांना चिमूरमार्गे कोलारा जवळ पडतं. पहाटेच्या फेरीसाठी नागपूरहून मध्यरात्रीनंतर निघावं लागतं. एकाच दिवसात परतायचं असेल तर दुपारची फेरी बरी.

परमिट वन विभागाच्या संकेतस्थळावरून काढायचं. त्यावर ज्याचं नाव, त्यालाच प्रवेश. मूळ ओळखपत्र सोबत हवंच. उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड. गाइड बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात. चितळाची कुकारी किंवा वानराचा खाकरा, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, ऐकू आला की ते गाडी बंद करायला लावतात. तेव्हा ‘पुढे चला’ची घाई नको. वाघ त्या पाचदहा मिनिटांतच दिसतो, दिसला तर.

मंगळवारी सफारी बंद. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर म्हणजे जंगलाचा गाभा बंद असतो. त्याभोवतीच्या बफरमधली काही गेटं मात्र सुरू राहतात. कोअरमध्ये मोबाइलला बंदी आहे, आणि ते उत्तमच आहे.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, पण पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता तेव्हाच जास्त. टोपी, सुती रुमाल आणि भरपूर पाणी घ्या. डिसेंबरच्या पहाटे मात्र जॅकेटवर कानटोपीही लागते. चालत्या जिप्सीतला वारा हाडांत शिरतो.