स्टीलच्या मांडणीत मातीचा कप

मराठी स्वयंपाकघरात भाजलेल्या मातीला मान आहे, पण ठरावीक जागीच. पाण्याचा माठ कोपऱ्यात तिवईवर, लोणच्याची चिनी मातीची बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात आणि पाहुणे आले की बाहेर निघणाऱ्या कपबश्या. ताट, वाटी, तांब्या, पातेलं हे सगळं धातूचं. पूर्वी तांब्यापितळेचं, आता स्टीलचं. मातीचं भांडं एकदा खरकटं झालं की घासून शुद्ध होत नाही, ही जुनी समजूत यामागे आहे. पितळेचं ताट राखेनं घासलं की पुन्हा पानात. माती शिजवायला चालली, साठवायला चालली, वाढून घ्यायला मात्र नाही.

त्यामुळे सिरॅमिक शिकणाऱ्या मुलीला ‘घरच्या वापराच्या भांड्यांचा संच’ करायला सांगितला जातो तेव्हा तिची मोठीच पंचाईत होते. ताट-वाटीचा मातीतला नमुना तिला आजीच्या घरात सापडत नाही. पुस्तकात सापडतो तो जपानी वाडग्याचा किंवा इंग्रजी जगचा. कुंभारवाड्यातून उचलावं तर कुंभाराचं गणित नेमकं उलटं. माठ झिरपायलाच हवा. बाहेर आलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. कप झिरपला तर टेबलावर चहाचं वर्तुळ. माठ आव्यात कमी आचेवर भाजतात. वापराची भांडी बहुतेक ठिकाणी स्टोनवेअर मातीची करतात. ती 1200 ते 1280 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तिचे कण एकमेकांत विरघळून घट्ट होतात आणि वाजवलं की खणखणीत आवाज येतो.

संचाची सुरुवात कपानं होते. दिसायला सोपा, म्हणून सगळे त्यालाच हात घालतात.

पहिला अडथळा मापाचा. माती वाळताना आणि भाजताना आकसते. स्टोनवेअर प्रत्येक बाजूनं साधारण बारा टक्के आकसतं असं धरू. आकसणं उंचीत, लांबीत आणि रुंदीत असं तिन्हीकडे होतं, त्यामुळे आतली जागा जवळजवळ एकतृतीयांशानं कमी होते. दीडशे मिलिलिटर चहा मावायला हवा तर ओला कप दोनशेवीस मिलिलिटरचा करावा लागतो. चाकावर तो बेढब थोराड दिसतो. डोळ्याला बरा वाटला तेवढाच ठेवला, तर भट्टीतून येतो तो लहान मुलांच्या खेळातला कप. म्हणून चाकाशेजारच्या भिंतीवर आकसण्याचा तक्ता चिकटवलेला असतो.

मग बशी. आपल्याकडे बशीला कपाखालची तबकडी समजून चालत नाही. गरम चहा बशीत ओतून पिणारे अजून घरोघरी आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. म्हणजे बशी खोलगट हवी आणि कपाची कड अशी हवी की ओतताना चहा बाहेरच्या अंगानं ओघळू नये. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या जवळजवळ सपाट बश्या इथं नापास. त्यात पसरट भांड्याचं आणखी एक दुखणं: चाकावर बुडाची माती बोटांनी नीट दाबून बसवली नाही, तर वाळताना बुडाला बरोबर मध्यभागी इंग्रजी ‘एस’सारखा तडा जातो. तो बुजवून उपयोग नसतो, भट्टीत पुन्हा उघडतो.

पण कपाचा खरा कस कानात लागतो. कप ‘लेदर हार्ड’ झाला, म्हणजे बोट लावलं तर ठसा उमटत नाही पण नखानं कोरता येतो, की कान लावायची वेळ. मातीचा निमुळता लोळा एका हातात उलटा धरायचा, दुसरा हात पाण्यात बुडवायचा आणि अंगठा नि तर्जनीच्या बेचक्यातून माती खाली ओढत जायची. हळूहळू, तोच दाब ठेवून, हात पुनःपुन्हा ओला करत. पट्टी वर जाड, खाली बारीक होत जाते आणि मधून अंगठ्याची एक उथळ पन्हळ उमटते. तिला थोडं आवळू द्यायचं. मग कपावर आणि कानाच्या टोकांवर सुईनं आडव्याउभ्या रेघा मारायच्या, पातळ माती लावायची आणि दाबून बसवायचं. कान आणि कप यांचा ओलावा सारखा हवा. कान जास्त ओला असेल तर तो जास्त आकसतो आणि जोडावर सुटतो. हे सगळं जमलं तरी भट्टीत कान कपाला आपल्याकडे खेचतो आणि गोल कड अंडाकृती होते. याचा अंदाज असलेले लोक कान लावताना कड उलट्या दिशेनं किंचित दाबून ठेवतात.

किती बोटांसाठी कान करायचा, हाही प्रश्न असतोच. दोन बोटांचा कान डौलदार दिसतो, पण उकळता चहा भरला की मधल्या बोटाचं पेर कपाच्या अंगाला टेकतं आणि चटका बसतो. माझं मत विचाराल तर आपल्या चहाच्या तापमानाला तीन बोटांचाच कान हवा.

किटलीबद्दल थोडक्यात एवढंच की चाकावर फिरवून केलेली तोटी चाकाची फिरक विसरत नाही. भट्टीत ती किंचित वळते, म्हणून तिचं टोक आधीच तिरकं कापावं लागतं. झाकणाला बारीक भोक नसेल तर हवा आत जात नाही आणि तोटीतून चहा गचके खात येतो.

भांडी वाळली की पहिली भाजणी, ‘बिस्क’. ती हजार अंशांच्या आतबाहेर. मातीत ओल राहिली असेल आणि आच घाईनं वाढवली, तर पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं, शिवाय शेजारच्या चार जणांचं काम घेऊन जातं. बिस्कनंतर ग्लेझ, जुन्या शब्दात झिलई. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चुनखडी, थोडी चिनी माती यांची पूड पाण्यात कालवून भांडं त्यात बुडवायचं. आच किती चढली हे कळायला भट्टीत छोटे सुळके ठेवतात. ठरलेल्या आचेला ते वाकतात आणि झरोक्यातून ते बघून भट्टी बंद करायची. बर्लिनच्या हेर्मान झेगर यांनी 1886 साली काढलेली ही युक्ती डिजिटल मापकांच्या काळातही टिकून आहे, कारण सुळका तापमानाबरोबर वेळही मोजतो.

ग्लेझ आणि माती यांचं जमलं नाही, म्हणजे थंड होताना ग्लेझ जास्त आकसलं, तर पृष्ठभागावर केसांसारख्या बारीक रेघांचं जाळं पडतं. फुलदाणीवर लोक त्याचं कौतुक करतात. आपल्या वाटीत त्याच रेघांमध्ये हळद शिरते आणि ती पुन्हा निघत नाही. मराठी जेवणाला लागणारं ग्लेझ हळद, चिंच, आमसूल आणि लिंबू सोसणारं हवं. आंबटाचा प्रश्न नुसत्या डागाचा नाही. कच्चं किंवा चुकीचं बनलेलं ग्लेझ आंबटात विरघळतं आणि त्यातले धातू अन्नात उतरतात. शिशाचं ग्लेझ जेवणाच्या भांड्यांना वर्ज्य आहे ते यामुळेच. प्रयोगशाळेची तपासणी खरी, पण विद्यार्थ्यांची पहिली परीक्षा स्वस्तातली आहे: लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवायची. सकाळी तिथला रंग फिकटला असेल, तर ते ग्लेझ भांड्याच्या आतल्या अंगाला लावायचं नाही.

एवढं सगळं करूनही आपल्या कलाशिक्षणात कपबशीला मान कमीच. याची मुळं जुनी आहेत. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857चं. तिथं एकोणिसाव्या शतकात जॉर्ज टेरी यांच्या काळात कुंभारकाम सुरू झालं, त्यातून अजिंठ्याच्या चित्रांचे नमुने घेतलेली सुंदर फुलदाण्या आणि रांजण झाली आणि प्रदर्शनांतून गाजली. ती दिवाणखान्यासाठी होती. रोज घासायच्या भांड्यांचा विचार वेगळ्या ठिकाणी झाला. विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघानं कुंभारांना सुधारित माती, चाक आणि भट्टी यांचं शिक्षण दिलं.

आणि 1971 साली पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकी जोडप्यानं गोल्डन ब्रिज पॉटरी काढली. डेबोरा जपानमध्ये बिझेनला शिकून आलेल्या. त्यांनी हाताशी धरले ते स्थानिक कामगार, भट्टीसाठी सुरूचं लाकूड, आणि विकायला ताटल्या, वाडगे, मग अशी रोजची भांडी. पुढे मीकर तिथं विद्यार्थी घेऊ लागले. आज भारतात स्टुडिओ पॉटरी करणाऱ्या अनेकांचा गुरुमार्ग त्या अंगणातून जातो. त्यातले बरेच जण पुढे मोठी शिल्पं करू लागले, पण सुरुवात एकसारखे कप करण्यानं. तेच वळण त्याआधी इंग्लंडात सेंट आइव्हजला होतं. बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा यांनी 1920 साली सुरू केलेल्या तिथल्या कारखान्यात उमेदवार ठरलेल्या मापाची भांडी पुनःपुन्हा करत शिकायचे. शंभरावा कप पहिल्यासारखा आला पाहिजे ही अट जाचक वाटते, पण हात तिनंच बसतो. प्रदर्शनातली एकच वस्तू चुकली तर ‘तसंच करायचं होतं’ म्हणता येतं. सहा कपांपैकी एक बुटका निघाला तर तसं म्हणता येत नाही.

संच तयार झाला की तो घरी जातो आणि स्टीलच्या मांडणीसमोर उभा राहतो. स्टील पडतं, चेपतं, पण फुटत नाही. वाट्या एकात एक बसतात. मातीच्या वाट्या तशा बसवायच्या तर भिंती बाहेरच्या बाजूला उघडत न्याव्या लागतात आणि आतल्या ग्लेझला ओरखडा पडू नये म्हणून पायाची कडी घासून गुळगुळीत करावी लागते. गॅसवर तर ही भांडी ठेवायचीच नाहीत. थेट ज्वाळेवर बूड एका जागी तापतं, बाकीचं भांडं थंड राहतं आणि तडकतं. फोडणी लोखंडात, आमटी स्टीलमध्ये, मातीत फक्त वाढायचं. वापराची भांडी करणाऱ्यानं घरच्यांना हे पहिल्याच दिवशी सांगावं.

संचाची सगळ्यात कडक समीक्षा वर्गात होत नाही, ती करतात भांडी घासायला येणाऱ्या मावशी. काथ्या, पावडर, स्टीलचं सिंक आणि पुढच्या घरी जायची घाई. टवके कुठे उडाले हे महिन्याभरात कळतं: पातळ धारदार कडांना, बाहेर आलेल्या कानांच्या कोपऱ्यांना, आणि अरुंद बुडाच्या कपांना, कारण ते ओट्यावर कलंडतात. मावशींना विचारलं तर त्या बोट ठेवून सांगतात की हा धरवत नाही, याच्या खाली साबण राहतो, तो निळा मात्र बरा आहे. पुढच्या संचात कड थोडी जाड आणि गोल येते, बूड रुंद होतं, आणि पायाच्या कडीला एक खाच पडते, म्हणजे पालथ्या घातलेल्या कपाच्या बुडात पाणी साचत नाही.