पंप मध्येच का घुरघुरतो?

रात्री सगळे नळ बंद असताना केबिन क्रूझरवरचा पाण्याचा पंप मध्येच घुरघुरला, तर दुर्लक्ष करू नका. हा १२ व्होल्टचा पंप नळीतला दाब उतरला की आपोआप सुरू होतो. म्हणजे पाणी कुठेतरी झिरपतंय. सिएटलच्या लेक युनियनमध्ये माझ्या बोटीवर हिवाळ्यानंतर नेमकं हेच झालं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि गीझरमागचा प्लास्टिकचा जोड तडकला होता. शोधायचं कसं? प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवायचा. एकही ओला झाला नाही, तर पंपाचा व्हॉल्व्ह पाणी मागे सोडत असू शकतो.

आता थंडीआधी टाकी रिकामी करून नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉल भरतो. गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल चुकूनही वापरू नका, ते विषारी असतं!

पंपाव्यतिरिक्त केबिनमध्येही एक बदल केला: टेबलाचा मधला खांब काढून बाजूला फिरता स्टँड बसवला. पाय ठेवायला जागा झाली, आणि टेबल खाली उतरवलं की पूर्वीसारखाच पलंग होतो. मला हा बदल सगळ्यात आवडला.

सामानाचं म्हणाल, तर डबे, हत्यारं, नांगराची जादा साखळी असं जड ते तळाशी आणि शक्यतो मध्यभागी. फक्त बाकाखालच्या सीकॉकसमोर, म्हणजे बोटीच्या तळातल्या छिद्रावरच्या व्हॉल्व्हसमोर, काही रचू नका. नळी निसटून पाणी आत यायला लागलं, तर तो व्हॉल्व्ह अंधारातही एका हाताने बंद करता यायला हवा.