मुळातली भोपळेबाई

बारावीच्या बायोलॉजीत गोलकृमी म्हटलं की आपल्याला आठवतो तो पोटातला जंत, ॲस्कॅरिस. पण त्याचे भाऊबंद आपल्याच रानात मुक्काम ठोकून असतात. आटपाडीचं डाळिंब, सांगलीची हळद, साताऱ्याचं आलं, सगळ्यांच्या मुळांवर त्यांचा डोळा! यांचं नाव मेलॉयडोगायनी. शेतकरी म्हणतात सूत्रकृमी किंवा निमॅटोड.

या ग्रीक नावाचा साधा अर्थ सांगायचा तर 'भोपळ्यासारखी बाई'. पिल्लू असतं अर्ध्या मिलिमीटरहून लहान, दोऱ्यासारखं. हृदय नाही, फुफ्फुसं नाहीत, श्वास कातडीतूनच. हत्यार मात्र भारी: तोंडात सुईसारखा पोकळ काटा. तो मुळाच्या पेशीत खुपसून ते लाळ सोडतं. मग आजूबाजूच्या पेशी फुगून राक्षसी होतात आणि मुळाला गाठ येते. आयता डबा सुरू झाला की मादी हलणंच सोडते आणि फुगत जाते. उबदार जमिनीत महिनाभरात ती चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते. काही जातींत तर त्यासाठी नराचीही गरज नसते!

नावात काय आहे?

१९४९ पर्यंत गाठी करणाऱ्या सगळ्या सूत्रकृमी एकाच नावाखाली होत्या. अमेरिकन शास्त्रज्ञ चिटवुड यांनी त्या वेगळ्या केल्या. मादीच्या मागच्या टोकाला कातडीवर बोटाच्या ठशासारख्या रेषा असतात. इन्कॉग्निटात त्यांची कमान उंच असते, जावानिकात दोन्ही बाजूंना स्पष्ट रेघा दिसतात, तर हॅप्लात शेपटीजवळ ठिपके.

आता म्हणाल, याचा शेतकऱ्याला काय उपयोग? तर आहे! इन्कॉग्निटा सहसा भुईमुगावर वाढत नाही. हॅप्ला मात्र वाढते. म्हणजे फेरपालटाला भुईमूग घ्यायचा की नाही, हे त्या रेषा ठरवतात. जात न ओळखता पीक बदललं, तर पाहुण्याला नवं ताट वाढल्यासारखंच.

सुट्टीत गावी गेलात तर

झाड पिवळं पडलं, दुपारी माना टाकतंय, की घरचे म्हणतात खत कमी पडलं, पाणी कमी पडलं. खर्च वाढतो, झाड सुधारत नाही. अशा वेळी मूळ बघा. रोप उपटू नका, खणून काढा आणि मुळं पाण्यात हलक्या हाताने धुवा. हरभरा, सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी नखाने सहज सुटल्या तर घाबरू नका. त्या नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या, आपल्याच कामाच्या. मूळच फुगलेलं असेल आणि गाठ सुटत नसेल, तर संशय घ्या. मुळं आणि ओलसर माती पिशवीत भरा, उन्हात न ठेवता कृषी विज्ञान केंद्रात तपासायला द्या.

नर्सरीतून रोपं आणतानाही आधी मुळं बघा. एकदा हे पाहुणे रानात शिरले, की त्यांना पूर्ण घालवणं जवळपास अशक्य असतं.