केसपेपरच्या खिडकीवर

सकाळी 8

उपनगरातल्या एका सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीसमोर दोन रांगा लागल्यात, एक बायकांची, एक पुरुषांची. मी भिंतीलगतच्या बाकावर वही घेऊन बसते. एथिक्स कमिटीचं आणि अधीक्षकांचं, दोन्ही पत्रं पिशवीत असतात. वॉचमन बदलला की ती पुन्हा दाखवावी लागतात. तृतीयपंथी आणि ट्रान्स माणसांना उपचार घेताना काय अनुभव येतो, हा आमच्या अभ्यासाचा विषय. म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत बसायला हवं, असं सगळ्यांना वाटतं. मला विचाराल तर ही खिडकी जास्त सांगते.

साडेआठच्या सुमारास मोरपंखी साडीतली एक जण बायकांच्या रांगेत येऊन उभी राहते. पुढची बाई पदर सावरून थोडी पुढे सरकते, मागची थोडी मागे. गर्दीच्या रांगेत तिच्यापुरती हातभर जागा मोकळी होते. खिडकीमागच्या संगणकात पुरुष आणि स्त्री यांच्याखाली आता तिसरा पर्याय आहे. पण क्लार्क आधार कार्ड घेतो आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचतो. नाव पुरुषाचं. ‘‘पेशंट कुठंय? पेशंटला पाठवा.’’ अख्खी रांग वळून बघते. ती कार्ड परत मागून घेते, पर्समध्ये टाकते आणि फाटकाकडे चालू लागते. क्लार्कचा आवाज चढलेला नव्हता. दिवसभर नावं पुकारणाऱ्या माणसाचा असतो तसाच होता. मी वेळ लिहिते, 8.40.

सकाळी 10

रेकॉर्ड सेक्शन. महिन्याच्या तक्त्यात ‘इतर’चा रकाना बहुतेक ठिकाणी शून्य. ‘‘मॅडम, हे लोक येतच नाहीत आमच्याकडे,’’ तिथले बाबू सांगतात. तक्ता त्यांच्याच बाजूने आहे. दारातून परत गेलेल्यांसाठी रकाना नसतो, त्यामुळे नुसत्या रुग्णालयाच्या आकड्यांवर बेतलेले निष्कर्ष मी जरा सावधपणेच वाचते. 2011च्या जनगणनेत देशभरात 4,87,803 जणांची नोंद ‘इतर’ अशी झाली. त्यातही ज्यांनी प्रगणकासमोर तसं सांगितलं तेवढेच आले असणार.

कागदावर बरंच काही झालंय. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2014चा नालसा निकाल, मग त्यांच्या हक्कांचा 2019चा कायदा. त्यातलं कलम 15 निव्वळ आरोग्याचं आहे: एचआयव्हीसाठी स्वतंत्र केंद्रं, शस्त्रक्रिया, हार्मोन्स, विमा, शिवाय डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार. 2023मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी 30 खाटांचा वॉर्डही सुरू झाला. वॉर्ड हवाच होता. पण ताप आलेलं माणूस आधी जवळच्या दवाखान्यात जातं, आणि तिथे अशीच एक खिडकी असते.

सकाळी 11.30

लोकलमध्ये माझी सहकारी भेटते. ती स्वतः तृतीयपंथी समाजातली आहे, पूर्वी एचआयव्ही प्रकल्पात पीअर एज्युकेटर म्हणून काम करायची. खिडकीवरचं सांगितल्यावर तिला काडीचंही आश्चर्य वाटत नाही. ‘‘अगं, ओपीडीची वेळ काय? सकाळची. बाजार मागायची वेळ काय? तीच. ज्या रात्री धंद्याला जातात त्या तेव्हा झोपलेल्या. तरीपण ती कमाई सोडून आली होती ना?’’

दुपारी 1

डेऱ्यावर, म्हणजे गुरू आणि चेले एकत्र राहतात त्या घरी, आधी गुरूंची परवानगी. चहा होतो, चौकशी होते, ‘फोटो नाही काढायचा’ हे पुन्हा ठरतं. पण गुरूंचा होकार म्हणजे चेल्याची संमती नव्हे, आणि हे त्यांच्याच घरात बसून त्यांना सांगणं हा आमच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. शेवटी गुरू हसतात, टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आम्हाला आतली खोली देतात. सही घेत नाही. तोंडी संमती रेकॉर्ड करतो. सहीत नाव येतं.

समोर बसलेली विशीतली आहे. कावीळ झाली तेव्हा ती एका खासगी डॉक्टरकडे गेली होती. ‘‘त्यांनी डोळे नाही बघितले, जीभ नाही बघितली. पहिला सवाल, एचआयव्ही केलीय का? म्हटलं, साहेब, केलीय, निगेटिव्ह आहे, पण पिवळी मी आत्ता झालेय.’’ सहकारी खो खो हसते, मग मीही.

हार्मोन्सचं विचारल्यावर ती उशाखालून माला-डी या गर्भनिरोधक गोळीची स्ट्रिप काढते. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही. एका मैत्रिणीने दोन घ्यायला सांगितल्या, दुसरीने चार. त्या गोळीतलं इथिनाइल इस्ट्रॅडिओल ट्रान्स स्त्रियांनी घेऊ नये, असं डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्याने शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. ती वर सिगरेटही ओढते. संशोधकाने मध्ये बोलू नये, असं शिकवलेलं असतं. मी रेकॉर्डर बंद करते आणि बोलते. पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, दम लागला, तर थेट कॅज्युअल्टी गाठायची. हार्मोन्स देणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर सहकारी तिच्या फोनमध्ये टाकून देते. ‘‘ते आधारवरचं नाव पुकारतात?’’ ती विचारते. नाही, म्हटल्यावर नंबर सेव्ह करते.

दुपारी 4

फोनवर एक ट्रान्स पुरुष. इथे डेरा नाही, गुरू नाही. घरचे ऐकतील म्हणून तो गच्चीवरून बोलतो. पोटात दुखतं, सोनोग्राफी करायचीय, पण दाढी घेऊन स्त्रीरोगाच्या बाकावर बसवत नाही. एचआयव्हीच्या पैशातून जे संशोधन झालं ते हिजडा आणि ट्रान्स स्त्रियांभोवतीच राहिलं; हा त्यात कुठेच नाही. संभाषण मध्येच तुटतं. आई कपडे काढायला वर आली असेल.

संध्याकाळी 6

सल्लागार गटाची बैठक. गटात सगळे समाजातलेच आहेत, आणि आम्हाला सोडत नाहीत. प्रश्नावलीत एक प्रश्न आहे: ‘डॉक्टरांची वागणूक कशी होती?’ एक ज्येष्ठ मावशी चष्मा लावून तो वाचतात आणि पेनाने खूण करतात. ‘‘याच्या आधी विचारा, डॉक्टरपर्यंत पोचलात का. नाही पोचलात तर कुठून परत फिरलात: फाटक, खिडकी, बाक?’’ आमचे आकडेवारीवाले सर म्हणतात, मधेच प्रश्न वाढवला तर आधीच्या मुलाखतींशी तुलना होणार नाही. मुद्दा खरा आहे. मावशींचा जास्त खरा आहे, आणि मी तसं म्हणते. बरीच घासाघीस होऊन नवा प्रश्न आत येतो; आधी भेटलेल्यांना तो फोनवर विचारायचा ठरतं.

रात्री 8.30

बदललेली प्रश्नावली एथिक्स कमिटीकडे मंजुरीला पाठवायची, आणि मंजुरी येईपर्यंत ती वापरता येणार नाही. म्हणजे उद्याच्या मुलाखती पुढे ढकलायच्या. ज्यांना भेटायचं होतं त्यांना फोन आत्ताच केले पाहिजेत; दहानंतर त्यातल्या काही जणी कामाला बाहेर पडतात.