शिरूर-दौंडच्या मातीतली कंदपुष्पे

युरोपात शिशिर पुरता सरलेला नसताना आणि भूमीवर बर्फाचे थर अद्याप शिल्लक असताना जे इवलेसे शुभ्र पुष्प मान खाली घालून उमलते, त्या स्नोड्रॉपला लिनीयसने १७५३ साली गॅलँथस निव्हॅलिस असे शास्त्रीय नाव दिले. त्याच्या बाहेरच्या तीन पाकळ्या लांब असून आतल्या तीन आखूड असतात, आणि या आखूड पाकळ्यांच्या टोकाशी हिरवी खूण असते. पानांची अग्रे तर इतकी टणक, की गारठलेली माती व वरचा हिमथर भेदून ती सहज वर येतात. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे हे फूल पाहून आलेल्या एखाद्या गृहस्थास आपल्या घोडनदीच्या किंवा केडगावच्या घरापुढे ते लावण्याची हौस वाटली, तर त्यात नवल नाही. परंतु या कंदास महिनोन्‌महिने थंडी लागते. आपल्याकडे पौषातल्या काही पहाटा कडाक्याच्या असल्या तरी दुपारी ऊन तापतेच, आणि फाल्गुन सरता सरता जमीन अशी भाजू लागते, की पुढील वर्षाचे अन्न साठवण्याआधीच पाने करपून जातात.

येथेच कंदवर्गीय फुलझाडांचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. कंद हे त्या झाडाचे पेव होय: हिरव्या पानांनी मिळविलेले अन्न त्यात भरून ठेवायचे, प्रतिकूल ऋतू भूमीखाली काढायचा आणि अनुकूल काळ येताच त्याच संचयावर फूल काढायचे, असा त्याचा जीवनक्रम आहे. म्हणून कंदाची निगा म्हणजे मुख्यतः त्याच्या विश्रांतीची निगा, असे माझे मत आहे. स्नोड्रॉपची विश्रांती सावलीतल्या, किंचित ओलसर मातीत होते व फार सुकलेला कंद पुष्कळदा उगवतच नाही. उलट आपल्याकडच्या निशिगंधास विश्रांती हवी ती कोरडी.

भीमेच्या दोन्ही अंगांस पसरलेले हे तालुके पर्जन्यछायेत मोडतात. खडकवासल्याचा कालवा दौंडकडे आणि घोड व चासकमानचे पाणी शिरूरकडे आल्यावर पुष्कळ जिरायत जमीन बागायत झाली, उसाचे क्षेत्र वाढले, आणि पुण्याचा गुलटेकडीचा फूलबाजार एका रात्रीच्या अंतरावर असल्याने फुलशेतीलाही जागा मिळाली. शेतकरी ज्याला गुलछडी म्हणतात तोच हा निशिगंध. त्याचे मूळ मेक्सिकोतले. पण आपल्या हारांत, गजऱ्यांत व लग्नमंडपांत तो इतका मुरला आहे, की त्यास परका म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

घरच्या बागेसाठी एप्रिल-मे महिन्यांत, दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे, निरोगी व घट्ट कंद निवडावेत. काढणीनंतर चार-सहा आठवडे सावलीत पसरून ठेवलेलेच कंद घ्यावेत, आणि तेही मधूनमधून हलवलेले असावेत, अन्यथा बुरशी धरते. पाच-सात सेंटिमीटर खोल, वीत-दीड वीत अंतराने ते लावावेत. आपल्या भारी काळ्या जमिनीचा मोठा दोष असा, की पाणी थांबले म्हणजे कंद कुजतो. तेव्हा वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर लागवड करावी, मातीत कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी, आणि वाफसा आल्याखेरीज पुन्हा पाणी देऊ नये. जेथे कालव्याच्या पाण्याने जमीन चोपण झाली असेल, तेथे कुंडीत लावणे बरे. तीन-चार महिन्यांत दांडा वर येतो. हारासाठी सुटी फुले पहाटेच तोडावीत, फुलदाणीसाठी मात्र खालची दोन-तीन फुले उमलताच दांडा कापावा. एकेरी फुलांचा सुगंध दुहेरींपेक्षा अधिक असतो, म्हणून बाजारात शृंगार किंवा प्रज्वल यांसारखे, बंगळूरच्या उद्यानसंशोधन संस्थेचे एकेरी वाण मागावेत. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या पोटी धरलेली पिल्ले पुढचा वंश चालवतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी, पाने पिवळी पडू लागताच पाणी तोडून, गड्डे उपटून वेगळे करावेत. पिवळी पाने कुरूप दिसतात म्हणून आधीच कापणे हे माझ्या दृष्टीने कंदावर उपासमार लादणे होय.

ज्यास स्नोड्रॉपचीच सय हवी असेल, त्याने त्याच कुळातील पांढऱ्या पावसाळी लिलीचे कंद वाफ्याच्या कडेला झुबक्याने लावावेत. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झाड उन्हाळाभर गवताच्या काडीसारखे निपचित राहते आणि एका चांगल्या सरीनंतर काही दिवसांतच सहा पाकळ्यांचे फूल काढते. निगा अशी जवळजवळ काहीच नाही. मात्र तिचे व स्नोड्रॉपचे, दोहोंचेही कंद कांद्यासारखे दिसत असून विषारी आहेत. स्नोड्रॉपच्या कुळातून लाभलेले गॅलँटामाइन हे द्रव्य वार्धक्यातील स्मृतिभ्रंशावर औषध म्हणून दिले जाते, ते वैद्याच्या हुकुमानेच. तेव्हा लिलीचे काढलेले कंद स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, लसूण-कांद्याशेजारी कधीही ठेवू नयेत. निराळ्या टोपलीत, चिठ्ठी बांधून, मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर त्यांची व्यवस्था करावी.