संकेतस्थळाची सजावट : टेम्प्लेट, मोड्यूल आणि शैलीपत्रक

काही वर्षांपूर्वी मराठी संकेतस्थळ उघडले की प्रथम एक सूचना दिसत असे : 'हा मजकूर वाचण्यासाठी अमुक फॉन्ट उतरवून घ्या.' तो फॉन्ट संगणकात नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा उमटे. याचे कारण असे की, त्या काळी मजकूर आणि त्याचे रूप एकमेकांत गुंतलेले होते. रूप हरवले की आशयही हरवे. युनिकोडच्या प्रसारामुळे अक्षरांची ही अडचण दूर झाली. संकेतस्थळाच्या रचनेत मात्र तीच चूक आजही वेगळ्या स्वरूपात घडते. म्हणून आपल्या संस्थेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी हा विषय 'जूमला' या प्रणालीच्या आधारे समजून घेऊ या.

जूमला ही मजकूर-व्यवस्थापनाची मुक्त प्रणाली होय. ऑगस्ट २००५ मध्ये ती 'मॅम्बो' या प्रणालीपासून वेगळी झाली. तिचे नाव 'सर्व मिळून' या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतले आहे. मराठीत एकूण बेरजेला आपण जुमला म्हणतो, तो शब्दही याच कुळातील आहे.

पान कसे तयार होते?

जूमलामध्ये लेखाचा मजकूर माहितीसाठ्यात असतो. त्याला पानावर कोठे व कसे मांडायचे, हे टेम्प्लेट ठरवते. टेम्प्लेट म्हणजे घराचा आराखडा, असे समजावे. त्या आराखड्यात ठिकठिकाणी जागा राखून ठेवलेल्या असतात. त्यांना 'पोझिशन' म्हणतात. चौथ्या मालिकेपासून जूमलासोबत येणाऱ्या 'कॅसिओपिया' या टेम्प्लेटमध्ये बॅनर, मेनू, साइडबार-राइट, फुटर अशा जागा आहेत. या जागांवर जे छोटे चौकोन बसवले जातात, ती मोड्यूले होत. ताज्या बातम्या, कार्यक्रमांचे वेळापत्रक, निधनवार्ता, शोधपेटी ही त्यांची उदाहरणे सांगता येतील.

रंग, अक्षरांचा आकार, समास आणि चौकटी यांचे नियम शैलीपत्रकात, म्हणजे सीएसएस फाइलीत असतात. ही कल्पना हाकोन व्हीयूम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने १९९४ मध्ये मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिच्या पहिल्या आवृत्तीस अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला. मजकूर एका ठिकाणी आणि रूप दुसऱ्या ठिकाणी ठेवावे, हेच तिचे मूळ तत्त्व आहे.

एकाच मोड्यूलला वेगळे रूप

समजा, निधनवार्तेचा चौकोन इतरांपेक्षा वेगळा दिसावा अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी मोड्यूलच्या प्रगत पर्यायांत क्लास लिहिण्याची सोय असते. तेथे आपण एक नाव द्यावे आणि शैलीपत्रकात त्याच नावाचा नियम लिहावा. जुन्या आवृत्त्यांत येथे एक बारकावा होता. नावाच्या आधी मोकळी जागा सोडली, तर तो स्वतंत्र क्लास ठरे आणि मूळ नियमही लागू राहत. जागा न सोडता लिहिले, तर ते मूळ नावाला शेपटासारखे जोडले जाई आणि चौकोनाची आधीची सजावट नाहीशी होई. अनेक नवशिक्यांचा गोंधळ याच ठिकाणी उडत असे.

कधी कधी नियम लिहूनही बदल दिसत नाही. अशा वेळी नियमांची उतरंड आठवावी. मूलघटकाच्या नियमापेक्षा क्लासचा नियम वरचढ असतो, आणि क्लासपेक्षा आयडीचा. दोन नियम तुल्यबळ असतील, तर नंतर आलेला नियम लागू होतो. प्रत्येक ठिकाणी 'इम्पॉर्टंट' हा शेरा मारून वेळ निभावता येते खरी, परंतु पुढे कोणता नियम कोणाला मारतो हे खुद्द लिहिणाऱ्यालाही उमगत नाही.

बदल कोठे करावा?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. टेम्प्लेटची मूळ फाइल उघडून तिच्यातच फेरफार करणे सर्वांत सोपे वाटते. मात्र जूमलाची नवी आवृत्ती चढवली की मूळ फाइली बदलल्या जातात आणि आपली मेहनत पुसली जाते. मग 'आता नवी आवृत्ती नकोच' असा निर्णय घेतला जातो, आणि धोक्याची सुरुवात तेथूनच होते.

डिसेंबर २०१५ मध्ये जूमलाच्या १.५ पासून ३.४.५ पर्यंतच्या आवृत्त्यांत एक गंभीर सुरक्षा-त्रुटी उघडकीस आली. दुरुस्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच हल्लेखोर तिचा गैरवापर करू लागले होते. १४ डिसेंबर रोजी ३.४.६ ही सुधारित आवृत्ती आली. ज्यांनी आपले बदल वेगळे ठेवले होते, त्यांना ती लगेच चढवता आली. ज्यांनी मूळ फाइलींत हात घातला होता, त्यांच्यापुढे सजावट गमवावी की संकेतस्थळ धोक्यात ठेवावे, असा पेच उभा राहिला.

हा पेच टाळण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, आपले सर्व शैलीनियम 'यूजर.सीएसएस' या वेगळ्या फाइलीत लिहावेत. कॅसिओपिया ती आपल्या शैलीपत्रकानंतर वाचते आणि नव्या आवृत्तीने तिला धक्का लागत नाही. दुसरा, मोड्यूलची मांडणीच बदलायची असेल, तर 'ओव्हरराइड' करावे, म्हणजे मांडणीच्या फाइलीची प्रत टेम्प्लेटच्या 'एचटीएमएल' कप्प्यात ठेवून त्या प्रतीत बदल करावा. ही सोय २००८ च्या १.५ आवृत्तीपासून आहे. मात्र मूळ फाइलीत पुढे सुधारणा झाल्यास आपली प्रत तिच्याशी ताडून पाहावी लागते. तिसरा, बदल मोठे असतील, तर २०२२ मध्ये ४.१ आवृत्तीसोबत आलेल्या चाइल्ड टेम्प्लेटचा आधार घ्यावा.

मराठी वाचकाचा विचार

बहुतेक टेम्प्लेटे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली असतात. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांट्या व मात्रा येतात आणि अक्षरांखाली उकार येतात. ओळींतील अंतर कमी असेल तर ती एकमेकांना भिडतात. म्हणून अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट अंतर असावे. अक्षरांमध्ये जादा अंतर देणारा नियम मराठी मथळ्यांना लावू नये, कारण त्यामुळे शिरोरेषा तुटते. फिकट राखाडी अक्षरे वयस्कर वाचकांना त्रासदायक ठरतात. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असायला हवे.

काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत सुरक्षित ठेवावी, आणि कोणता बदल कोठे केला याची एका वहीत नोंद करावी. आज हे काम पाहणारा कार्यकर्ता उद्या नोकरी-शिक्षणासाठी अन्यत्र जाईल. त्याच्या जागी येणाऱ्याला ती वही आणि ती एक वेगळी फाइल हाती लागली, तर संस्थेची अनेक वर्षांची वृत्ते, छायाचित्रे आणि नोंदी पुढेही वाचकांपर्यंत पोहोचत राहतील.