जुन्या गाडीचा दम

सुरत शहराजवळ, तापीच्या काठी कामरेज हे गाव आहे. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा राजमार्ग येथेच तापी ओलांडतो. या मुलखात पोटापाण्यासाठी आलेली खानदेशी कुटुंबे पुष्कळ आहेत. आखाजी जवळ आली की त्यांना गावाची ओढ लागते, आणि ज्यांच्या दारात वडिलांच्या वेळची पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर अजून उभी असते, त्यांना ती घेऊन गावी जावे असे वाटते. कामरेजहून कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड करीत नवापूरपर्यंत गाडी कुरकुर न करता जाते. पुढे विसरवाडी सोडून कोंडाईबारीचा घाट सुरू झाला, की तिचा दम उखडतो. सपाटीवर जे व्यंग झाकून राहिले होते, ते चढणीवर उघडे पडते. घाटात उघडे पडावयाचे ते घरच्या अंगणात कसे ओळखावे, याचा आज विचार करू.

प्रथम हा ‘दम’ म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो व ते दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटून दट्ट्यास खाली लोटते आणि शेवटी धूर बाहेर जातो. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली हे चार टप्प्यांचे इंजिन यशस्वीपणे चालविले. यांतील दाबण्याच्या क्रियेस आपले मिस्त्री ‘कंप्रेशन’ म्हणतात. जुन्या इंजिनात मिश्रण त्याच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सातव्या हिश्शात कोंडले जाते. नीट दाबलेले मिश्रण जोमाने पेटते. अर्धेमुर्धे दाबलेले नुसते धुमसते.

हा दाब निसटण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांजवळून खाली तेलाच्या टाकीकडे. दुसरी, नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून. तिसरी, इंजिनचे डोके व धड यांच्यामधील गॅस्केट फाटले असल्यास तेथून. व्हॉल्व्हविषयी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीचे झिजेपासून रक्षण करीत असे. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. प्रकृतीला ते हितकारकच झाले. परंतु शिशाच्या भरवशावर घडविलेल्या काही इंजिनांतील बैठकी अधिक लवकर झिजू लागल्या.

गाडी सकाळी सुरू होण्यास वेळ लावते, उभ्या जागी अडखळते, चढणीवर ओढत नाही, निळसर धूर सोडते. ही सारी दम गेल्याची लक्षणे होत. पण केवळ लक्षणांवर विसंबू नये. घाणेरडा प्लग, तुंबलेला कार्बुरेटर किंवा चुकलेली ठिणगीची वेळ यांमुळेही गाडी अशीच वागते. आणि ‘इंजिनकाम निघाले’ असे म्हणून जो सरसकट इंजिन उघडतो, तो पुष्कळदा रोग सोडून शरीरच कापतो.

जिला हँडल लावता येते अशा गाडीची पहिली परीक्षा हातानेच होते. किल्ली बंद ठेवावी, गाडी न्यूट्रलमध्ये घालून हातब्रेक ओढावा आणि हँडल सावकाश फिरवावे. हँडलाने उलटा झटका दिल्यास इजा होऊ नये, म्हणून अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा. चार नळकांड्यांच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्यास हाताला एक ठाम अडथळा लागला पाहिजे. एखादा अडथळा मऊ लागला, तर त्या नळकांड्यातून दाब निसटत आहे असे समजावे.

खरी मोजणी दाबमापकाने होते. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात हा ‘कंप्रेशन गेज’ मिळतो. मापण्यापूर्वी व्हॉल्व्हचे टॅपेट पुस्तिकेत दिलेल्या अंतराप्रमाणे आहेत ना, हे पाहून घ्यावे. टॅपेट फार आवळलेले असले, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि निरोगी इंजिनही रोगी दिसते. मग इंजिन चांगले गरम करून बंद करावे आणि चारही प्लग काढावेत. कॉइलची मधली तार काढून इंजिनच्या धातूस पक्की जोडावी. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून जवळपास विडी-काडी नको. आता एकाने आत बसून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा व स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवावा. दुसऱ्याने गेज एकेका भोकात बसवून आकडा कागदावर टिपावा. बॅटरी भरलेली हवी. नाहीतर सर्वच आकडे खोटे येतील.

अशा जुन्या इंजिनात दर चौरस इंचास सुमारे सव्वाशे ते दीडशे पौंड दाब आला, तर प्रकृती उत्तम. परंतु आकड्यापेक्षाही आकड्यांतील मेळ महत्त्वाचा. चारही नळकांडी एकशे पंधराच्या आसपास असतील, तर गाडी अजून खुशाल चालेल. तीन ठिकाणी एकशे तीस आणि एके ठिकाणी सत्तर आले, तर मात्र शोध घेतला पाहिजे.

हा शोध घेण्याची युक्ती फार सोपी आहे. दुबळ्या नळकांड्यात प्लगच्या भोकातून चहाचा एकच चमचा इंजिन ऑइल सोडावे आणि पुन्हा मोजावे. तेल रिंगांभोवती पसरून तेथील फट काही क्षण बुजविते. आकडा सत्तरावरून एकशे दहावर चढला, तर दोष रिंगांचा अथवा नळकांड्याच्या झिजेचा. आकडा जागचा हलला नाही, तर संशय व्हॉल्व्हवर घ्यावा. शेजारची दोन नळकांडी एकदमच दुबळी निघाली, तर त्यांच्यामधील गॅस्केट गेले असण्याचा संभव मोठा. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असल्यास तर अधिकच. तेल मात्र चमचाभरच घालावे. द्रव पदार्थ दाबला जात नाही, आणि जास्त तेलाने इंजिनास इजा होऊ शकते.

आता या खटाटोपाचे मोल किती, ते पाहा. व्हॉल्व्ह घासून बसविणे किंवा गॅस्केट बदलणे हे डोके उतरविण्यापुरते काम आहे. रिंगा व बोअरिंग यांसाठी सारे इंजिन खोलावे लागते. शिवाय प्रत्येक बोअरिंगमध्ये नळकांड्याचे थोडे धातू कायमचे जाते; काही वेळांनंतर पुन्हा बोअर करण्यास जागाच उरत नाही. कुर्ल्यास घडलेली पद्मिनी आता नव्याने तयार होत नाही, आणि उत्तरपाड्याचे ॲम्बॅसॅडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. अशा गाडीचे अकारण केलेले बोअरिंग म्हणजे तिच्या उरलेल्या आयुष्यातून कापून घेतलेला तुकडाच होय. उलट, रिंगा खरोखर गेल्या असता नुसते व्हॉल्व्ह घासून घेतले, तर तो खर्चही पाण्यात जातो.

म्हणून मिस्त्रीकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. चार नळकांड्यांचे कोरडे आकडे, तेल घातल्यावरचे आकडे आणि तारीख एवढे लिहिलेला कागद बरोबर न्यावा. मिस्त्रीचा अनुभव व आपली मोजणी यांची सांगड पडली, की तर्कास वाव राहत नाही. तोच कागद जपून ठेवावा आणि पुढल्या वर्षी पुन्हा मापावे. आकडे जागच्या जागी असतील, तर गाडीस कोणाचाही हात लागू देऊ नये. कोंडाईबारीचा घाट ती खुशाल चढेल.